अमेरिकेत नुकतंच आलेल्याला कोलोराडोत शिकारीसाठी सरकारी जमिनीच्या हद्दी दाखवणारा नकाशा कुठे मिळेल, की कुंपण पाहूनच अंदाज येतो?

नकाशाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याचा 'हंटिंग ॲटलस' इंटरनेटवर फुकट आहे, सुरुवात तिथून करा. मग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमीन खात्याचे, म्हणजे बीएलएमचे, १:१,००,००० प्रमाणाचे कागदी नकाशे घ्या. त्यात पिवळी जमीन बीएलएमची, हिरवी फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे केंद्राच्या जंगलखात्याची, निळी राज्याची आणि पांढरी खासगी. ऑनएक्ससारखं ॲप घेतलंत तर खासगी तुकड्याच्या मालकाचं नावसुद्धा दिसतं. ॲपमधला नकाशा घरूनच उतरवून न्या, कारण जिथे हरीण आहे तिथे सिग्नल नसतो.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नाच्या शेपटासाठी. कुंपण पाहून अंदाज येतो का? नाही. अजिबात येत नाही. आणि येतो असं जो सांगेल त्याच्याबरोबर शिकारीला जाऊ नका.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा एक मित्र प्राँगहॉर्नच्या, म्हणजे इथल्या हरणासारख्या जनावराच्या, मागावर मॉफॅट काउंटीत होतो, क्रेग गावाच्या पश्चिमेला. मित्र पुण्याचा, माझ्या आधीपासून अमेरिकेत, नेमबाजी माझ्याहून चांगली. तो मुलूख सगळा सेजब्रशच्या खुरट्या झुडपांचा आहे. झाड नाही, आडोसा नाही, दोन मैलांवरून जनावर आपल्याला बघतं. आम्ही काउंटीच्या रस्त्यालगत गाडी लावली, बीएलएमच्या जमिनीवरून चालत निघालो आणि वाटेत एक काटेरी तारेचं कुंपण लागलं ते ओलांडलं. नकाशावर तारेच्या दोन्ही बाजू पिवळ्या होत्या. पलीकडे एका ओढ्याच्या काठाकाठाने गुडघ्यांवर सरकत आम्ही एका नराच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचलो होतो, तेवढ्यात मागून पिकअपचा आवाज आला. नर उधळला. गाडीतून एक वयस्कर रँचर, म्हणजे गुरं पाळणारा जमीनदार, उतरला आणि म्हणाला, "या तारेच्या आतलं सगळं माझं आहे. निघा."

मित्र लगेच वळला. मराठीत मला म्हणाला, "अरे चल, कशाला नसती झंझट. आपण इथले नाही."

मी हललो नाही. रायफलमधली गोळी काढली, रायफल जमिनीवर ठेवली, बाजूला झालो आणि नकाशा उघडला. इथली बहुतेक जमीन चौकोनांत मोजलेली आहे. सहा मैल लांबी-रुंदीची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा. सरकारी मोजणीदारांनी सेक्शनच्या कोपऱ्यांवर खुणा रोवल्या. पुष्कळ ठिकाणी तिथे आता पितळी टोपीचा खांब असतो आणि त्या टोपीवर टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे आकडे ठोकलेले असतात. (तो खांब हलवणं हा केंद्राचा गुन्हा आहे, हात लावू नका.) तसाच एक खांब आम्ही सकाळी ओलांडून आलो होतो. त्यावरचे आकडे मी वहीत उतरवले होते आणि जीपीएसवर जागेची खूणही केली होती. आम्ही ज्या सेक्शनमध्ये उभे होतो तो पूर्ण बीएलएमचा होता. रँचरच्या मालकीची जमीन त्याच्या पुढच्या सेक्शनपासून सुरू होत होती.

मग तार तिथे कशी? तर ती गुरांसाठी. बीएलएमची जमीन चराईच्या परवान्यावर रँचरना मिळते. गुरं आवरायला जिथे सोयीचं पडेल तिथे तार ओढली जाते. कुरणाच्या मधून जाते, टेकडीच्या अंगाने जाते, ओढा टाळून जाते. हद्दीशी तिचा संबंध असेलच असं नाही. चराईच्या परवान्याने जमिनीवर मालकी येत नाही, हे १९३४ च्या टेलर ग्रेझिंग ॲक्टमध्येच लिहिलेलं आहे. आणि सरकारी जमीन कुंपणाने अडवायला तर १८८५ पासून कायद्याने बंदी आहे.

रँचर खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. बापजाद्यांनी ज्या तारेच्या आत गुरं चारली ती तार त्याच्या डोक्यात हद्द होऊन बसली होती. मी त्याला म्हटलं, वॉर्डनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला, बोलवू या. त्याने बोलावलं. वॉर्डन आला, त्याने स्वतःचा नकाशा काढला, माझी वही बघितली आणि दोघांच्या समोर सांगितलं की हे लोक योग्य जागी आहेत, त्यांनी शिकार करायला हरकत नाही. रँचर काही न बोलता निघून गेला.

मित्राचं म्हणणं, यात मिळवलं काय? नर गेला, दिवस गेला आणि एका अनोळखी माणसाशी वैर झालं. मंडळाच्या गणपतीत तो अजूनही चारचौघांत सांगतो की मी त्या दिवशी दोघांना गोळी घालून घेतली असती. तेव्हापासून तो राज्याने पाटी लावलेल्या जागा सोडून कुठेही जात नाही.

माझे वडील पारनेर तालुक्यातले. भावकीतल्या बांधाच्या भांडणात त्यांची अर्धी उमेद गेली. बांध दर पेरणीला नांगराच्या एका सरीने सरकतो आणि पंधरा-वीस वर्षांनी शेजारी छातीवर हात ठेवून सांगतो की बांध पहिल्यापासून इथेच आहे. मोजणी आणली की दगड कुठे निघतो ते कळतं. मॉफॅट काउंटीतली तार आणि आमचा बांध यात मला काही फरक दिसला नाही. "आपण इथले नाही" हे वाक्य तर मला सहनच होत नाही. बीएलएमच्या जमिनीवर पाऊल ठेवायला आडनाव लागत नाही. जनावराला लावायचा टॅग माझा, परवाना माझा, जमीन सगळ्यांची. तिथून मी उठलो असतो तर तो रँचर पुढच्या माणसालाही तसाच उठवत राहिला असता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या ॲपच्या भरवशावर राहू नका, सेक्शन वाचायला शिका. ॲपमधल्या खासगी जमिनीच्या रेषा काउंटीच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, ती काही मोजणी नव्हे. फोनचं जीपीएससुद्धा काही मीटर इकडेतिकडे होतं. शंका असेल तिथे काउंटी असेसरच्या, म्हणजे मालमत्तेच्या करआकारणी कचेरीच्या, संकेतस्थळावर तो तुकडा उघडून बघा. फोनवर निळा ठिपका रेषेला चिकटला असेल तर आणखी शंभर पावलं आत जा, मग बंदूक उचला. कोलोराडोत खासगी जमिनीवर पाटी किंवा कुंपण असलंच पाहिजे असं बंधन नाही. विनापरवानगी शिरलात तर "पाटी नव्हती" हे कारण चालत नाही. म्हणजे कुंपण दोन्हीकडून फसवतं, असतं तेव्हाही आणि नसतं तेव्हाही.

पिवळा चौकोन दिसला म्हणून तिथे पोहोचता येईलच असंही नाही. रस्ता सार्वजनिक आहे का, ते आधी बघा. जंगलखात्याच्या भागात कुठल्या रस्त्यावर गाडी चालते हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं, तोही फुकट. काही ठिकाणी, विशेषतः शेजारच्या वायोमिंग राज्यात, रेल्वेला एकाआड एक सेक्शन दिल्यामुळे सगळा बुद्धिबळाचा पट झालाय आणि सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा टेकून आहेत. ऑनएक्सच्याच हिशोबाने पश्चिमेच्या राज्यांत अशी ८३ लाख एकर जमीन आहे. २०२१ मध्ये मिसुरीचे चार शिकारी वायोमिंगच्या कार्बन काउंटीत कोपऱ्यावर शिडी टाकून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात गेले. खासगी जमिनीला पाय लावला नाही, तरी फौजदारी खटला झाला. ज्यूरीने त्यांना सोडलं. जमीनमालकाने वेगळा दिवाणी दावाही लावला होता. मार्च २०२५ मध्ये त्या दाव्यात दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या गटासाठी असलेल्या केंद्राच्या, अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, त्याच १८८५ च्या कायद्याच्या आधारे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. कोलोराडो त्याच सर्किटमध्ये येतं. माझ्या मित्राने हा निकाल एकदा शांतपणे वाचावा. त्या चौघांनी "कशाला झंझट" म्हटलं असतं तर तो कोपरा आजही बंदच राहिला असता.

आता सांगायच्या राहिलेल्या गोष्टी. एक, वाद घालताना हातात भरलेली बंदूक नको, आणि समोरचा भडकलेला असेल तर आधी तिथून बाजूला व्हा, वॉर्डनला फोन नंतर करा. जमीन कुठे पळून जात नाही. दोन, निळ्या चौकोनांपासून सावध राहा. कोलोराडोत राज्याच्या ट्रस्टची जमीन आपोआप सगळ्यांना खुली नसते. पार्क्स अँड वाइल्डलाइफने भाड्याने घेऊन शिकारीला खुली केलेलीच चालते, आणि तीसुद्धा ठरलेल्या हंगामापुरती. वायोमिंगचा नियम वेगळा आहे, तिथल्या अनुभवावरून इथे जाऊ नका.

तीन, हे कदाचित मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्ही नुकतेच आलात असं लिहिलंय. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यात अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना येतो. १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे परवान्याआधी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं, म्हणजे क्रम आधी प्रमाणपत्र, मग परवाना, मग रायफल असा. तोवर मित्राची रायफल हातात घेऊन बघणंही टाळा, आणि व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.