वहीतले सगळे आकडे सारखेच

गेल्या पंधरवड्यात एका ताईंचा फोन आला. त्या आणि त्यांचे यजमान एका बालगृहात नेहमी जातात. तिथल्या सात वर्षांच्या एका मुलीला फिट्स येतात. गोळ्या चालू आहेत, मागे कुणी नाही. ताई म्हणाल्या, "तिला घरी आणावं असं फार वाटतं हो. पण दुसऱ्याचं लेकरू, त्यात आजारी. रात्री-अपरात्री आमच्या हातून काही कमी-जास्त झालं तर?"

आजारी मुलाचं प्रतिपालकत्व, म्हणजे दत्तक न घेता त्याला आपल्या घरी सांभाळणं, घ्यायला निघालेलं जवळजवळ प्रत्येक घर मला हे विचारतं, आणि 'कमी-जास्त' म्हणताना आवाज खाली जातोच. अशा वेळी मला समीर आठवतो. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून त्याची हकिकत सांगते.

समीर दहा वर्षांचा होता. वडील आधीच गेले होते, आई 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेली. त्याला टाइप वन मधुमेह. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून ते रोज बाहेरून द्यावं लागतं. त्याला दिवसाला चार इंजेक्शनं होती. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मला दर घरी नव्याने सांगावं लागतं. मामांनी काही महिने सांभाळला. पुढे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर त्यांनी हात टेकले, "हे रोजचं टोचणं आमच्याच्यानं होत नाही." मग एक संस्था झाली, तिथे नर्स नव्हती म्हणून दुसरी.

ज्यांनी त्याला घरी न्यायचं ठरवलं ते सातारा जिल्ह्यातलं जोडपं. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये, काकू घरी शिवणकाम करणाऱ्या, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात काकांच्या आई. आजींचं म्हणणं एकच होतं, "असल्या दुखण्याची पोरं जगत नाहीत." त्यांच्या लहानपणी गावात एक पोर तसं गेलं होतं, त्यामुळे त्यांना मी खोडून काढलं नाही. डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून सांगितलं, की जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, आणि त्या आधी आजी म्हणतात तसंच होत होतं. आजी म्हणाल्या, "मग आमच्या गावात ते यायला लई वर्षं लागली म्हणायची."

गृहभेटीत मी मात्र एक चूक केली. काकूंनी "आमच्याच्यानं होईल का?" असं विचारलं आणि मी पटकन म्हणून गेले, "होतं हो, सवय होते." त्यांचा प्रश्न मी तिथेच बंद करून टाकला.

शिकायचं ते दोघं मन लावून शिकले. इन्सुलिनच्या पेनची सुई टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच काढायची. जागा बदलत राहायची, पोट, मांडी, दंड. शुगर सत्तरच्या खाली गेली की तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, सावरला की भाकरी नाहीतर दूध. काकूंनी ग्लुकोजची पुडी शिलाई मशीनच्या खणात, दप्तरात आणि काकांच्या गाडीच्या डिकीत अशी तीन ठिकाणी ठेवली. इन्सुलिन फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. लाइट गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं मडकं तयार. एवढी तयारी मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

तीन महिन्यांनी मी गेले तेव्हा काकूंनी अभिमानाने समीर रोजची शुगर लिहायचा ती वही पुढे केली. 110, 118, 121, 115. पानंच्या पानं तशीच. सगळं एका पेनाने, एका दमात लिहिल्यासारखं. त्याच आठवड्यात तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला होता, 10.4, म्हणजे सरासरी शुगर अडीचशेच्या आसपास. असली वही आणि असला रिपोर्ट एका मुलाचे असूच शकत नाहीत. डॉक्टरांनी शुगर तपासायच्या मशीनची मेमरी उघडली. 312. 48. 267. 290. 55.

काका चिडले नाहीत, खचले. "आम्ही कुठं कमी पडलो?"

मी समीरला घेऊन परसात शेवग्याखाली बसले. खोटं का लिहिलंस, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "कुठला आकडा लिहायला नको वाटतो?"

"दोनशेच्या वरचा."

"का रे?"

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मामाकडं तीनशेच्या वर गेली होती. ॲडमिट केलं. तिथनंच मला परस्पर नेलं. माझी सायकल तिथंच राहिली."

त्याचं गणित पक्कं होतं. आकडा वाढला की दवाखाना, आणि दवाखान्यातून परत घर नाही. खाली गेला तरी तीच भीती. रात्री घाम फुटून, हातपाय कापत जाग आली की तो गुपचूप उठून डब्यातली साखर खायचा, कुणाला उठवायचा नाही. याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त हादरवलं. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जाण्याचा धोका होताच. पण लो झालेलं मूल रात्री एकटंच निभावत होतं, आणि एखाद्या रात्री त्याला जागच आली नसती तर?

आता काकूंची बाजू. रात्री दोनदा उठून त्या त्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघायच्या. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मशीनवर मोठा आकडा दिसला की त्यांच्या तोंडून "अरे देवा" निघायचं, चेहरा उतरायचा. त्यात त्यांचा काय दोष? पण तो मशीन बघतच नव्हता, काकूंचा चेहरा बघत होता. मी गृहभेटीत त्यांची भीती ऐकून घेतली असती, तर ती अशी चेहऱ्यावर येऊन बसली नसती, असं मला आजही वाटतं.

काकांना त्याला जवळ घेऊन म्हणायचं होतं, "तू कायमचा आमचा." मी अडवलं. कठोर वाटेल, पण प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. बाल न्याय अधिनियम 2015 खाली समितीच्या आदेशाने मूल घरी येतं, आणि त्याच्याबद्दलचा निर्णय समितीकडेच राहतो. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एवढं केलं, की मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असेल तर पाचऐवजी दोन वर्षांनंतरच प्रतिपालकांना दत्तकाचा विचार करता येतो. तरीही 'कायमचा' हा शब्द काकांच्या हातातला नव्हता, आणि या पोराला आणखी एक मोडणारा शब्द देणं मला मान्य नव्हतं. जे हातात होतं तेवढंच काका बोलले, "शुगर कितीही येऊ दे, त्यासाठी आम्ही तुला परत पाठवणार नाही. दवाखान्यात न्यावं लागलं तर मी सोबत राहीन आणि घरी मीच आणीन." दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांकडे जाऊन सायकल आणली. हे मी सुचवलेलं नव्हतं.

मग घरात काही गोष्टी बदलल्या. 'चांगली शुगर, वाईट शुगर' हे शब्द गेले. नुसतं जास्त किंवा कमी. मशीन लावलं की काकू आधी म्हणायच्या, "तपासलीस ना, शाब्बास," आणि मग आकडा विचारायच्या. रात्री दोनची पाळी काकांकडे गेली. टाइप वन असलेल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईशी मी काकूंची गाठ घालून दिली. त्या दोघींच्या फोनने जे काम केलं ते माझ्याच्याने झालं नसतं. पैशांचंही सांगते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी महिना 4000 रुपये मिळतात, पण यांच्याकडे पहिले काही महिने ते आलेच नाहीत आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचा खर्च खिशातून झाला. हिशेब मांडूनच उतरावं.

फिट्सवाल्या मुलीसाठी विचारणाऱ्या ताईंना मी या वेळी "होईल हो" म्हटलं नाही. रात्री कोण उठणार, हे विचारलं. तुमच्याशिवाय घरात दुसरं कोण शिकणार, तेही विचारलं. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. हे डॉक्टरांसमोर बसून, करून बघा म्हटलं. आणि तिला आधी किती ठिकाणांहून हलवलंय, कशासाठी हलवलंय, ते संस्थेकडून नीट समजून घ्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही धीर द्याल." मी म्हटलं, "तुमची भीती आधी पूर्ण सांगा, मला वेळ आहे." आम्ही तासभर बोललो. त्या पुढच्या आठवड्यात यजमानांना घेऊन येणार आहेत.

समीरची वही मी मागच्या भेटीत पाहिली. आता तिच्यात दोन-तीन रंगांची पेनं आहेत, खाडाखोड आहे, एका पानावर चहाचा डाग. 284, पुढे 'श्रीखंड, दोन वाट्या'. चार ओळींखाली 61. वेळ रात्री 2.40. आणि शेजारी त्याच्या अक्षरात, 'काकूला उठवलं.'