सासूबाई चालायला लागल्या, पण माळ हातात घेत नाहीत

प्रश्न : ताई, सासूबाई ७८ वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, आता फिजिओसाठी हॉस्पिटलमध्येच आहेत. वॉकर धरून चालतात, रिपोर्ट नॉर्मल, पण सारखं ‘देवाने मला कशाला ठेवलंय’ चालू असतं आणि मी घरून नेलेली तुळशीची माळ ड्रॉवरमध्येच पडलीय. हे डिप्रेशन आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : असू शकतं, त्यामुळे जेवण-झोप कशी आहे ते डॉक्टरांना सांगाच. पण डिप्रेशनबरोबर किंवा ते नसतानाही आध्यात्मिक अस्वस्थता असते आणि ती रिपोर्टमध्ये येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या वृद्धांसाठी एक पद्धत तयार केलीय, त्यात गप्पांमधून बघतात की जगण्यात अर्थ वाटतो का, देवाशी किंवा जे काही मोठं मानतो त्याच्याशी नातं टिकलंय का, आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते हॉस्पिटलमधल्या डॉक्टर-नर्सना माहितीय का, निर्णय आपल्याला विचारून होतात का, आणि आपण आधी जे होतो ते अजून आहोत का. प्रत्येक मुद्द्याला ० ते ३ मार्क, जास्त म्हणजे त्रास जास्त. घरी मार्क काढत बसू नका, पण ऐकताना हे पाच मुद्दे डोक्यात ठेवा.

आता माळ. सरळ विचारा, ‘आई, माळ का नको वाटते?’ डायपर लावलेल्या बायका हळूच सांगतात, ‘अशा अंगाने देवाला कशी शिवू?’ आणि घरच्यांना वाटत असतं देवावरून मन उडालं! तसं असेल तर सकाळी स्पंजिंग झालं, कपडे बदलले की लगेच माळ द्या, किंवा तुमच्या गुरुजींना फोनवर त्यांच्याशी बोलायला सांगा, सुनेपेक्षा त्यांचं पटतं (खरंच पटतं). पण ‘एवढ्या एकादश्या केल्या, निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत गेले, त्याचं हे फळ?’ असं निघालं तर तो राग आहे, तो बोलू द्या, ‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. न विचारता मोबाईलवर भजनं लावणं आणि गंगेचं पाणी आणून शिंपडणं पण नको.

देव न मानणाऱ्यांनाही हे होतं, सातपूरला कंपनीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘आता मी कोणाच्या कामाचा’ वाटतं ते हेच.

मात्र ‘मला संपवायचंय’ असं काही बोलल्या, गोळ्या साठवताना दिसल्या, तर वाट न बघता त्याच वेळी डॉक्टरांना सांगा, आणि १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन फ्री आहे, तुम्ही स्वतः पण बोलू शकता.