फुल सस्पेन्शन सायकल: हप्ता झेपतो, बचतीला पडणारं भगदाड झेपत नाही

सोलापूरच्या विजापूर रोड भागातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न, थोडक्यात: वय ३६, खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, पगार हातात ४६,००० रुपये. यजमानांचा शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचा छोटा कारखाना, त्यातून वर्षाची सरासरी धरून महिना ४०,०००. गृहकर्जाचा हप्ता १८,४००, घरखर्च ३८,०००, मुलीची शाळा आणि विम्याचे हप्ते मिळून महिना ५,५००, तिच्या कॉलेजसाठी ६,००० ची एसआयपी. बँकेत १,९०,०००. पाच वर्षं हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चालवल्यावर आता त्यांना दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घ्यायची आहे. पसंत पडलेली २,६०,००० ची, १५० मिमी ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी. एक लाख बचतीतून आणि उरलेल्या १,६०,००० चं वैयक्तिक कर्ज, १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी, असा विचार आहे. गरज पडल्यास एसआयपी थांबवायचीही तयारी आहे.

ताई, तुमचं गणित बरोबर आहे. दर महिन्याला घरात १८,००० च्या आसपास उरतात आणि या कर्जाचा हप्ता साधारण ७,७०० बसेल. दोन वर्षांत व्याज २४ हजारांच्या वर जाईल. ते मला पटत नाही, पण तेवढ्यानं घर अडचणीत येणार नाही. माझी हरकत आहे ती त्या एक लाखावर.

तुमच्या घराला एसआयपी सोडून महिन्याला ६१,९०० लागतात. आज बँकेत आहेत ते तीन महिन्यांचे पैसे. त्यातून लाख काढले की दीड महिनाही निघत नाही. दोघंही पगारदार असते तर मी कदाचित एवढं ताणलं नसतं. पण युनिफॉर्मचा धंदा कसा चालतो हे तुम्ही घरातच बघता. जानेवारीपासून कापडात पैसा अडकतो, मे-जूनमध्ये माल जातो, आणि वसुली दसऱ्यापर्यंत लांबते. तुम्हीच लिहिलंय की या हंगामाची १,४०,००० ची उधारी अजून यायची आहे. अशा घराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, म्हणजे ३,७१,०००. तुम्ही त्याच्या निम्म्यावर आहात, आणि नेमक्या त्याच पैशातून सायकल घ्यायला निघाला आहात.

आता सायकलीकडे येते, कारण पैशांचा निम्मा निर्णय तिथेच लपलेला आहे.

तुम्ही चालवता कुठे? पत्रानुसार बहुतेक शनिवार-रविवार हिप्परग्याच्या तलावाकडची माळरानं, कालव्याकडेचे रस्ते, पाणंदी. महिन्या-दोन महिन्यांतून तुळजापूरच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात. थंडीत ग्रुपबरोबर पुणे-साताऱ्याकडे सह्याद्रीत. खाली मुरूम आणि उघडा पडलेला काळा दगड, चढ-उतार सतत पण छोटे, मध्ये बराच सपाट पट्टा. १५० मिमीची सायकल लांब, तीव्र, दगडी उतारांसाठी बनते. तिचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा दुपायी भाग, जास्त कललेला असतो, वजन जास्त असतं, आणि सपाटीवर ती सुस्त वाटते. तुम्हाला वर्षातून मोजक्याच वेळा लागणारी गोष्ट बाकी सगळे शनिवार ओढत न्यायची आणि तिचे ६५,००० जास्त मोजायचे, हे मला योग्य वाटत नाही. तुमच्या यादीतली दुसरी, पुढे १३० आणि मागे १२० मिमीची, १,९५,००० ची सायकल तुमच्या सगळ्या वाटांना पुरते. सह्याद्रीतल्या उतारावर थोडं सांभाळून उतरावं लागेल, एवढंच.

मग हार्डटेलच का नको, असं यजमान विचारतात म्हणून लिहिलंय. प्रश्न रास्त आहे. फक्त कालव्याचा रस्ता असता तर मीही हार्डटेलच सांगितली असती. पण तासन्‌तास दगडांवरून जाताना मागचं चाक जमिनीला धरून राहिलं तर पकडही राहते आणि कंबरही वाचते. आठवडाभर पेशंटला उभं करणाऱ्या बाईनं स्वतःच्या कंबरेची काळजी केली तर ती हौस नव्हे. मात्र ४०-५० हजारांत मिळणाऱ्या ‘डबल शॉकअप’च्या मोहात पडू नका. त्या किमतीत मागचा शॉक म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग असते. सायकल उड्या मारते आणि जडही होते.

आता पत्रात नसलेला खर्च. फुल सस्पेन्शनची किंमत दुकानात संपत नाही. फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून तेल आणि सील बघणं, मागच्या शॉकचा हवेचा भाग साफ करणं, हे साधारण ५० तास चालवल्यावर करायचं असतं. आतल्या डॅम्परची, म्हणजे उसळी आवरणाऱ्या भागाची, मोठी सर्व्हिस मॉडेलप्रमाणे १०० ते २०० तासांनी. शिवाय मागच्या सांध्यांची बेअरिंग. आठवड्याला पाच तास आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर तुमचे २०० तास होतात, म्हणजे छोटी सर्व्हिस वर्षातून चार वेळा, मोठी निदान एकदा. आपल्याकडच्या धुळीत हे वेळापत्रक पुढे ढकलता येत नाही. ढकललं तर फोर्कच्या नळ्यांवर ओरखडे पडतात, आणि मग सर्व्हिसऐवजी फोर्कच बदलण्याची वेळ येते. मी तुमच्यासाठी वर्षाला २४,००० धरले आहेत, महिन्याला २,०००. शॉकचं काम करणारा तुम्हाला पुण्यातच सापडला आहे, पण त्यासाठी अख्खी सायकल न्यायची गरज नाही. दोन बोल्ट काढले की शॉक हातात येतो, तेवढाच पार्सलनं पाठवा. छोटी सर्व्हिस शिकून घ्या, तुमच्या हातांना जड नाही. शॉकचा पंप घ्याच. आणि दोन्ही टायर पहिल्या दिवसापासून ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. वेड्या बाभळीचे काटे किती महागाची सायकल आहे हे बघत नाहीत.

जुनी हार्डटेल विकू नका. तिचे ३०,००० येतील म्हणता, पण पावसाळ्यात काळी माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते तेव्हा तीच बाहेर काढायची. मुलगीही दोन-तीन वर्षांत त्या मापाची होईल.

पैशांची मांडणी मी अशी करेन. जूनपासून दरमहा १३,००० वेगळ्या आरडीत, फक्त सायकलीसाठी. आपली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उठेपर्यंत, म्हणजे जानेवारीअखेर, आठ महिन्यांचे १,०४,००० होतील. दिवाळी बोनसचे ३०,००० त्यात घाला. दुसरीकडे उधारी आली की ती पूर्ण बचतीत आणि दरमहा ५,००० ही तिथेच, त्यातले जूनचे तेवढे मी खाली सांगते त्या कामाला. जानेवारीअखेर बचत ३,६५,००० च्या घरात जाईल, सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर. एसआयपीला हात लावू नका. मुलगी सातवीत आहे, कॉलेजला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

दुकानदार रोखीवर ६ टक्के सोडतो, तर सायकल १,८३,३०० ला पडेल. तेव्हा तुमच्याकडे ४९,३०० कमी असतील. उधारी पूर्ण वसूल झाली असेल तरच बचतीतल्या एफडीवर तेवढं कर्ज घ्या, चार महिन्यांत फेडा. एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लागतात, सगळं मिळून हजार रुपयांच्या आसपास. उधारी अडकली असेल तर मात्र थांबा, कारण जानेवारी ते मे हेच कारखान्याचे पैसे लागण्याचे महिने. दुकानातल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये ती ६ टक्के सूट जाते, शिवाय व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी कार्डवर लागतो. ती खर्चाशिवायची सोय नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या स्टॉकची जुनी किंमत लावलेली नाही ना, बघा. कारखान्याच्या नावावर बिल करून जीएसटी क्रेडिट घ्यायचं यजमानांच्या मनात आहे, ते करू नका. स्वतःच्या वापराच्या वस्तूवर ते मिळत नाही.

आणि ज्या कामासाठी जूनचे ५,००० राखून ठेवले ते या सगळ्याच्या आधीचं आहे. तुमचं उत्पन्न तुमच्या दोन मनगटांवर उभं आहे. दगडावर पडून मनगट मोडलं तर पेशंटला हात लावता येत नाही, आणि तुम्हाला भरपगारी रजा नाही असं तुम्ही लिहिलंय. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरेल, बुडालेला पगार भरणार नाही. वैयक्तिक अपघात विमा घ्या, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला रक्कम मिळण्याची सोय मागून घ्या. साहसी खेळांबद्दलचं कलम नीट वाचा. शर्यती बहुतेक वगळलेल्या असतात, पण हौशी ट्रेल रायडिंगला संरक्षण आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. ते उत्तर हातात आलं की आरडी सुरू करा.