विंडोजवरची कॅलिबर लायब्ररी लिनक्सवर नेताना पुस्तकं पुन्हा भरावी लागतात का?

तुमचा प्रश्न असा, की कॅलिबरमध्ये, म्हणजे ई-पुस्तकं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सातशे पुस्तकं आहेत, लॅपटॉपवर आता विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचंय, तर सगळं परत भरावं लागेल का आणि किंडल जोडता येईल का.

परत भरावं लागत नाही. लायब्ररीचं अख्खं फोल्डर उचलायचं, मिंटवर कॅलिबर पहिल्यांदा उघडलं की तेच फोल्डर दाखवायचं. अख्खं. हा शब्द आमच्या दाजींना ऐकू आला नाही.

अंबाजोगाईजवळच्या एका गावात मी 'क' वर्गाचं वाचनालय सांभाळतो. २०२५च्या ऑक्टोबरात विंडोज १०चा सपोर्ट संपला, नवा कॉम्प्युटर घ्यायला अनुदान पुरत नाही, म्हणून मिंट. दाजी दिवाळीला संभाजीनगरहून आलेले. ते कंपनीत कॉम्प्युटरवरच असतात, तेव्हा काम त्यांच्याकडे. त्यांनी फोल्डर उघडून बघितलं. लेखकाचं फोल्डर, त्यात पुस्तकाचं, त्यात पीडीएफ, मुखपृष्ठाचं चित्र आणि 'मेटाडेटा डॉट ओपीएफ', म्हणजे त्या पुस्तकाच्या नोंदीची फाइल. "हा कचरा कामून न्यायचा?" म्हणाले, आणि सर्च मारून नुसत्या पीडीएफ न् ईपब पेनड्राइव्हवर घेतल्या. मग डिस्क फॉरमॅट. मी शेजारी बसून करंज्या खात होतो, हेही खरं.

मिंटवर पुस्तकं भरली तर यादीत मराठी नावच नाही. कॅलिबर फाइलींना नावं रोमनमध्ये देतं, आणि आपण टाइप केलेली माहिती पुस्तकाच्या फाइलीत नाही, लायब्ररीच्या फोल्डरातल्या 'मेटाडेटा डॉट डीबी' या डेटाबेसच्या फाइलीत ठेवतं. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या पोटात नाव नसतंच, मग ते फाइलीच्या नावावरून उचललं गेलं. रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. दोन वर्षं संध्याकाळी वाचक गेले की एकेक नोंद मराठीत केली होती, पुस्तक कुणाच्या आजोबांच्या पेटीतून आलं तेसुद्धा. ते गेलं ते गेलंच. आणि तो 'कचरा' आला असता तर डीबी नसतानाही वाचलो असतो. लायब्ररी मेंटेनन्समध्ये रिस्टोअर डेटाबेस म्हटलं की ओपीएफ फाइलींवरून नोंदी परत उभ्या राहतात.

दाजी अजून म्हणतात, लिनक्सनं खाल्लं, असली सॉफ्टवेअरं तिथं चालत नसतात. अहो, कोविद गोयल यांनी २००६ साली हे सुरूच केलं ते सोनीचं ई-पुस्तकं वाचायचं रीडर लिनक्सवर चालेना म्हणून. लिनक्सवरच जन्मलेलं आहे ते.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं कॅलिबर घेऊ नका, जुनं असतं. कॅलिबरच्या साइटवर टर्मिनलमध्ये टाकायची एक ओळ दिलीय, ती टाका. सेटिंग आणि प्लगइन लायब्ररीच्या फोल्डरात नसतात. तीही हवी असतील तर विंडोजवर असतानाच लायब्ररीच्या बटणावर राइट क्लिक करून सगळा डेटा एक्स्पोर्ट करा. किंडल माझ्याकडं नाही, ते दुसऱ्या कुणाला विचारा.

हां, एक राहिलं. कॉपी करताना कॅलिबर बंद ठेवा. मशीन ३२-बिट असेल तर कॅलिबर ६ पासूनची आवृत्ती त्यावर चालत नाही, हे आधी बघा. आणि लायब्ररी गूगल ड्राइव्हवर ठेवून दोन कॉम्प्युटरवर एकदम उघडू नका, डेटाबेस बिघडतो. दाजींनी परवाच ही आयडिया दिलीय.