जेवढं आहे तेवढंच

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. आधी एक सांगते, त्या मुलाचं आणि कारखान्याचं नाव तू लिहायला नको होतंस. मलासुद्धा नाही. दोन्ही नावं पेनाने गिरवून खोडली आणि मगच पुढचं वाचलं.

त्या बधिर मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीत तू दुभाषी होतीस. साहेबांनी विचारलं, व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचता येतो का? त्याने साइनमध्ये, म्हणजे हातांच्या भाषेत, सांगितलं, नाही, मापं सुपरवायझर घ्यायचे. आणि तू तोंडाने म्हणालीस, "हो, येतो." नोकरी लागली, त्याच्या आईने तुला पेढे दिले. आता हातात व्हर्निअर आला की तो घाबरून तुला व्हिडिओ कॉल करतो. तू विचारतेस, "ताई, हेतू चांगला होता ना, मग चुकलं कुठे?" अगं, ते 'नाही' तुझं नव्हतंच. त्याचं होतं. "नाही येत, पण शिकवा" असं तो पुढे म्हणणार होता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

जेवढं आहे तेवढंच. कमी नाही, जास्त नाही.

हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. माझे आईवडील बधिर. सातव्या वर्षापासून रेशनच्या दुकानात, बँकेत मीच त्यांच्या वतीने बोलत आले. 1998 साली, तेविसाव्या वर्षी, मला एका बधिर बाईंबरोबर दुभाषी म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय काढावं लागेल. त्यांच्या सासूबाईंनी माझा दंड धरला, "ती घाबरेल गं, छोटं ऑपरेशन आहे एवढंच सांग." मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून खूण केली. छोटं. बाईंनी सही केली. चार महिन्यांनी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. पदर बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवला आणि माझीच खूण माझ्यासमोर धरली. अंगठा, तर्जनी. छोटं?

तेव्हा मी लहान होते, मोठ्या माणसांचं ऐकायची सवय होती, आणि दुभाषाने कसं वागावं हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं. हे सगळं खरं आहे, आणि आजही मी ते स्वतःला सांगते. पण तुझ्याकडे ही सबब नाही. दिल्लीला 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. तू रीतसर दोन वर्षांचा डिप्लोमा केलास. आचारसंहितेच्या पेपरात तुला चांगले मार्क होते, तूच फोन करून सांगितलं होतंस!

साक्षीदार बोलू शकत नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 125 प्रमाणे कोर्टाला दुभाषाची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी लागते आणि त्या जबाबाचं चित्रीकरण होतं. म्हणजे तिथे तुझं काम कुणी पुन्हा तपासू शकतं. दवाखान्यात आणि मुलाखतीत कॅमेरा नसतो. साहेबांना साइन कळत नाही, मुलाला ऐकू येत नाही. खोलीतल्या दोन्ही भाषा एकट्या तुझ्या हातात असतात. म्हणून तिथे जास्त जप. तो चिडला तर चिडका आवाज काढ. त्याने शिवी दिली तर शिवी दे. उत्तर फसलं तर फसलेलं उत्तर दे. 'तो म्हणतो' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं, कारण बोलतोय तो. प्रश्न त्याला समजला नाही असं वाटलं, तर दोघांनाही कळेल असं सांगून पुन्हा विचारून घे. गुपचूप दुरुस्ती नको. जेवढं आहे तेवढंच, बाळा, कितीदा सांगू.

मदत करायचीच असेल तर मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कर, त्याला व्हर्निअर शिकवणारं कुणीतरी शोधून दे. एकदा दुभाषाच्या खुर्चीत बसलीस, की मग मदत नाही.

तू विचारलंस, आता साहेबांना सांगू का? नाही. आधी त्याला सांग. समोर बसून, हातांनी, तू काय केलंस ते पूर्ण सांग. साहेबांशी बोलायचं की नाही हे तो ठरवेल. बोलायचं ठरलं तर दुभाषी दुसरी घ्या, मी नाव सुचवते. तो रागावला तर त्याचे हात थांबेपर्यंत बघत राहा, मध्ये हात उचलू नकोस. रविवारी त्याला सुट्टी असते, असं तूच लिहिलं आहेस. रविवारीच जा.

तुझी,
ताई