आजऱ्याचा टस्कर सरावासाठी बघायला जावं का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात राहतो, एप्रिलमध्ये कर्नाटकातल्या काबिनीच्या जंगलात सफारीला चाललोय, १५०-६०० एमएमची लेन्स घेऊ का, हत्तीच्या किती जवळ जाता येतं, आणि त्याआधी सरावासाठी आजरा-चंदगडकडचा टस्कर, म्हणजे सुळेवाला रानटी नर हत्ती, बघून यावं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. जाऊ नका. माझं आजोळ आजऱ्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला. मामांचा ऊस आणि घनसाळ भात तिथंच. त्यामुळे ‘सरावासाठी’ वाचलं आणि गप्प बसवेना.

लेन्सचं उरकून टाकतो. मोठा नर खांद्यापाशी नऊ फूट भरतो. काबिनीत तो रस्त्याकडेला उभा असला तर ६०० एमएमवर तुमच्या हाती नुसता गाल लागेल. १००-४०० भरपूर झाली, नसेल तर ७०-२०० वरही काम भागतं. १५०-६०० घरात असेल तर बोटीतल्या सफारीसाठी न्या, मुद्दाम विकत घेऊ नका. बोटीत ट्रायपॉड बिनकामाचा, इंजिनाची सगळी थरथर त्यातून वर चढते. कॅमेरा हातात धरा आणि शटर १/१००० सेकंदापेक्षा जलद ठेवा. काळपट अंगानं फ्रेम व्यापली की कॅमेरा फसतो, फोटो उजळ करतो आणि सुळे पांढरेफटक होऊन जातात. म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या. महिना चांगला निवडलात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि नागरहोळे, बंदीपूर दोन्हीकडचे कळप तिथं उतरतात.

आता ‘किती जवळ’. याचं उत्तर मला मामांनी दिलंय, आणि ते फुटात नाही.

ऊस तुटायला अजून अवकाश होता. मी आजोळीच होतो. टस्कर दोन दिवस शेजारच्या शिवारात आहे ही खबर कोल्हापूरच्या आमच्या फोटोग्राफीवाल्या मंडळींत पोचली आणि एक मित्र आणखी दोघांना घेऊन दुपारी दारात हजर. मामांनी चहा दिला, जेवायला थांबवून घेतलं. दिवस कलायला लागल्यावर फडातून काडकाड आवाज सुरू झाला. आम्ही सगळे पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढलो.

ते दृश्य मी विसरणार नाही. उसाचं एक अख्खं बेट त्यानं सोंडेनं उपटलं, पुढच्या पायावर तीन-चारदा आपटून मुळाची माती झाडली आणि मग निवांत तोंडात घातलं. कान सारखे हलत होते. मामा हळूच म्हणाले, “कान हालत्यात तवर त्येच्या मनात कायबी न्हाई. कान थांबलं की त्यो ऐकाय लागला म्हणायचं.” पीक चाललंय ह्याच माणसाचं, आणि हात जोडून उभाही हाच. “देवच हाय त्यो, पर प्वाट मोठं हाय.”

मित्राला मात्र ऊस आडवा येत होता. “हितनं फ्रेम भरत न्हाई” म्हणून तो उतरायला लागला. मामांनी दंड धरला, “पाव्हणं, खाली जाऊ नगासा.” तो गेलाच. बांधावरून वाकून पुढं पुढं. वारं त्याच्या पाठीकडून फडाकडं वाहत होतं. हत्तीची नजर बेताची, पण वासाच्या बाबतीत त्याला तोड नाही. चघळणं थांबलं. कान थांबले. सोंड वर उचलून तिचं टोक बांधाकडं वळलं. वरून आम्हाला सगळं दिसत होतं आणि मोठ्यानं ओरडायचीही सोय नव्हती. मग कान सुपासारखे पसरले, मान वर गेली आणि ऊस मोडत तो दहा-पंधरा पावलं धावून आला. थांबला. मित्र जिवंत आहे तो टस्कर थांबला म्हणून.

नंतर काय झालं ते कुणी विचारत नाही. बिथरलेलं जनावर रात्रभर त्या शिवारात फिरलं. मामांची पाइपलाइन दोन ठिकाणी फुटली, शेजाऱ्याचं कापणीला आलेलं भात तुडवलं गेलं. पोरांनी सुतळी बॉम्ब लावले, तसा तो आणखी वस्तीकडं वळला. पहाटेपर्यंत गावात कुणाचा डोळा लागला नाही. सकाळी वनरक्षक, पंचनामा, सातबारा, झेरॉक्स. पाहुणे रात्रीच कोल्हापूरला परतले होते. तो धावून आला तेव्हाचा मित्रानं काढलेला फोटो पुढं प्रदर्शनात लागला, बक्षीस मिळालं. खाली नाव होतं ‘संतप्त गजराज’.

माझं मित्राशी भांडण आहे ते इथं. कान पसरलेले, मान ताठ, समोरून धाव, याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मागं हो’ एवढाच असतो. खरा हल्ला करणारा हत्ती बऱ्याचदा कान मागं घेतो, सोंड आत मुडपतो आणि आवाजही न करता येतो. म्हणजे बक्षीस मिळालेल्या फोटोत एक जनावर माणसाला सोडून देतंय, आणि नाव दिलंय संताप. मी स्लॅबवरून काढलेल्या फोटोत हत्ती लहान आहे. पाठ, पायावर आपटलेलं बेट, आणि फडातून त्याच्यामागं उमटलेली आडव्या उसाची वाट. परीक्षक म्हणाले, “विषय लांब आहे.” विषय तितकाच लांब असायला हवा होता. त्याला आपण तिथं आहोत हे कळलं नव्हतं, म्हणून तो हत्तीसारखा वागत होता. जवळच्या फोटोत तो फक्त आपल्याशी वागत असतो.

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले, मग चंदगड, आजरा. तोवर आमच्याकडच्या माणसानं हत्ती बघितला तो मठातला, मिरवणुकीतला. नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी २०२५ च्या जुलैत जामनगरला गेली तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला, मीही. ते प्रेम खरं आहे. पण त्या प्रेमाची सवय घेऊन लोक टस्करासमोर केळी धरतात, बाळाला दर्शन घडवतात. पाळलेल्या हत्तीला माणसाची सवय असते. आमच्या शिवारात येतो त्याला माणूस म्हणजे फटाके, बॅटऱ्या आणि आरडाओरडा.

काबिनीत गोष्ट वेगळी. तिथले कळप गाड्या बघतच वाढलेत, वीस-पंचवीस फुटांवर पिल्लू दूध पीत असतं आणि आई मान वळवत नाही. म्हणून ‘जवळ जाऊच नका’ असं मी म्हणत नाही. तिला यायचं तर ती येऊ दे, तुमची जीप बंद ठेवून थांबा. डोळा आणि कान यांच्यामध्ये काळा ओला ओघळ दिसला तर नर मदात आहे, ड्रायव्हर गाडी मागं घेईल, त्याला अडवू नका. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी घालायला सांगू नका. ‘अजून थोडं पुढं घे’ म्हणत त्याच्या हातात नोट कोंबणारे मी बघितलेत, ते तर अजिबात करू नका. ड्रायव्हरला त्याच रस्त्यावर उद्या परत जायचं असतं.

आणि हे सगळ्या फोटोग्राफरांबद्दल नाही. सुळ्यांची ठेवण, कानाच्या फाटलेल्या कडा यावरून कोणता हत्ती कुठं आहे हे ओळखता येतं, अशा फोटोंचा वनविभागाला उपयोग होतो. चंदगड-आजऱ्यात जाता-येता चुकून दिसलाच तर गाडीतून उतरू नका, लांबून टिपा आणि जागा वनविभागाला कळवा. व्हॉट्सॲपवर टाकू नका, तासाभरात तिथं जत्रा भरते. ड्रोनचं तर नावही काढू नका.

माझा मित्र हे वाचेल. त्याला अजून वाटतं की मी बक्षिसावर जळतो. माझी मागणी पहिल्या दिवसापासून एकच आहे: तो फोटो पुन्हा कुठं लावलास तर खाली त्या रात्रीचं नुकसान लिही, भात किती गुंठे गेलं ते मामांना विचारून.