स्वयमचा कोर्स केला, पण क्रेडिट कुठं गेले?

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात नसलेला विषय 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायचा आहे. त्याचे क्रेडिट पदवीत धरतात का? घरी वायफाय नाही, मोबाइलचा रोजचा दीड जीबी तेवढा आहे.
– एक विद्यार्थिनी, गंगाखेड

उत्तर : क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणारे एकक. ते धरतात, पण आपोआप नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करू देण्याची मुभा विद्यापीठांना दिली. कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे मात्र विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. म्हणून नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांकडे अर्ज द्या. त्यात कोर्सचं नाव, कोड, किती आठवड्यांचा आणि किती क्रेडिटचा, हे लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. बरीच मुलं प्रमाणपत्र हाती आल्यावर कॉलेजात जातात. तोवर विषय निवडायची मुदत टळलेली असते आणि सगळी मेहनत नुसती फाइलला लागते. याचं फार वाईट वाटतं.

दुसरी चूक परीक्षेच्या फॉर्मची. कोर्सला नाव घालणं फुकट आहे. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याला फी लागते आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यावा लागतो. फॉर्म लवकर भरला तर जवळचं केंद्र मिळण्याची शक्यता जास्त.

स्वयमवर आयआयटीसारख्या संस्थांचे कोर्स देणाऱ्या एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट असते. त्यातल्या सर्वांत चांगल्या ८ चे मिळून २५ गुण, लेखी परीक्षेचे ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. शेवटच्या रात्री लाइट गेली म्हणून मुदत वाढत नाही. दोन दिवस आधीच सबमिट करा.

डेटाचं म्हणाल, तर ३६० पिक्सेलवर तासाभराच्या व्हिडिओला साधारण ३०० एमबी जातात. ७२० वर ठेवलं की तिपटीनं वाढतात. फळ्यावरचं गणित ३६० वर वाचता येतं. रोज एक तास पाहिलात तरी दीड जीबीत भागतं. काही कोर्सच्या व्याख्यानांचा मराठी मजकूर पीडीएफमध्ये मिळतो, तो आधी वाचा. व्याख्यान निम्म्या वेळात समजतं.

प्रश्न : लेकीच्या एबीसी खात्यात (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात) एकही क्रेडिट दिसत नाही. कॉलेज म्हणतं, आम्ही पाठवले.
– एक पालक, अंबड

उत्तर : आधी नाव तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त, हे आपल्याकडे घरोघरी आहे. एबीसी खातं डिजिलॉकर या सरकारी ॲपशी जोडलेलं असतं आणि डिजिलॉकर आधारवरचंच नाव उचलतो. विद्यापीठानं पाठवलेलं नाव त्याच्याशी जुळलं नाही, की नोंद अडकते.

दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण माना आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर पावती मिळाली की तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. आधारला तुमचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणारच नाही. त्याच फेरीत तोही बदला.

नाव जुळत असेल, तर लेकीचा १२ आकडी अपार क्रमांक (एबीसी खात्याला जोडलेला विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) कॉलेजच्या परीक्षा विभागात दाखवा आणि त्यांनी पाठवलेल्या नोंदीशी आकडा-आकडा ताडून घ्या. तोंडी नको, अर्ज लिहूनच द्या.